शंभरातले किती

११ फेब्रुवारी

जाऊबाईंना नमस्कार,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भरता. मागच्या वेळी त्यातूनच आपली जुंपली, म्हणून लिहितेय.

आधी एवढं सांगते की हे ठीक आहेत. गेल्या सोमवारी कामावर शिडीवरून पडले. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकलेली, आत एक बाई किंचाळत होती, आणि ह्यांनी घाईघाईत शिडी धड न टेकवताच चढायला घेतलं. दादा असते तर सगळ्यांसमोर खडसावलं असतं. शेवटी हे लिफ्टदुरुस्तीचं काम त्यांनीच ह्यांना शिकवलं ना! “आधी शिडी, मग लिफ्ट, मग आतली माणसं,” असं ते म्हणायचे, हे पडल्या पडल्या ह्यांना आठवलं म्हणे.

बरगडीला मार बसला म्हणून छातीचा फोटो काढला. बरगडी शाबूत आहे. पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक ठिपका दिसला. मग मोठा स्कॅन झाला. सतरा मिलिमीटर. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठा. डॉक्टर म्हणतात, काहीही असू शकतं. जुना व्रण असेल, कधीतरी होऊन बरं झालेलं काही असेल, नाहीतर ते असेल. ‘ते’ म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता माझं काम. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे दादांचा स्कॅन झाला, त्याच दिवशी दादांनी ह्यांचाही करायला लावला होता. “मी कधी तोंडात सिगरेट धरली नाही तर मला हा असा खोकला. तू तर धुराडं आहेस, चल,” म्हणून हाताला धरून नेलं होतं. ह्यांची ती फिल्म आणि रिपोर्ट दादांच्या कागदांबरोबर तुमच्याकडेच राहिले. डॉक्टरांना ती फिल्म हवी आहे. हा ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर काळजी नाही, तेव्हा नसेल तर काळजी आहे. त्या हॉस्पिटलात विचारलं, तर ते इतकी जुनी ठेवत नाहीत म्हणाले. तेवढी शोधून पाठवाल का?

ह्यांच्या पाठीला मलम लावत होते तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणाले माहीत आहे? “आधी वहिनींना कळव.” म्हणून कळवलं.

तुमची,
धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा भाऊजींसाठी आणि एकदा माझ्यासाठी.

भाऊजींना सांग, धीर सोडू नका, सगळं नीट होईल. हे त्यांच्यासाठी. आता माझं ऐक.

ह्यांनी आठ महिने खोकला काढला. तीन डॉक्टरांनी तीन रंगांची औषधं दिली. एक म्हणाला धूळ, एक म्हणाला ॲलर्जी, एक म्हणाला वय. एकालाही फोटो काढायची बुद्धी झाली नाही. काढला तेव्हा ते दोन्ही फुप्फुसांत आणि पाठीच्या कण्यात जाऊन बसलं होतं. आणि तुझा नवरा शिडीवरून पडतो काय, बरगडी शाबूत राहते काय, आणि नेमका ठिपका सापडतो काय! ज्या माणसानं जन्मात सिगरेट शिवली नाही तो गेला. जो लिफ्टच्या खड्ड्यात बसून दिवसाला दोन पाकिटं फुंकायचा, त्याला शिडीनं वाचवलं.

मला वाईट म्हण, चालेल. तुझं पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा भाऊजींची काळजी आली नाही. ‘ह्यांना का नाही कधी पडता आलं?’ हे आलं.

फिल्म शोधते. हे गेल्यावर सगळे कागद कपाटावरच्या ट्रंकेत कोंबलेत आणि ट्रंकेवर गिऱ्हाइकांच्या कोटांची चळत आहे. सध्या एका शाळेच्या चाळीस पँटी खाली सोडायच्या आहेत. जमेल तशी बघते.

जाऊ


२ मार्च

जाऊबाई,

तुम्ही मनातलं लिहिलंत, मला राग नाही आला. म्हणजे आला, पण पत्र घडी करून ठेवेपर्यंतच.

ह्यांनी ते वाचलेलं नाही. मी फक्त त्यांच्यासाठी लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं. खूश झाले. “वहिनी म्हणाल्या ना नीट होईल? मग होईल.” मी पंधरा दिवस तेच सांगत होते, पण माझं कोण ऐकतं!

सुई घालून तुकडा काढला. दोन तास हॉस्पिटलच्या खाटेवर पालथे पडून होते. निकाल आला तो असा की काहीच कळत नाही. सुई गाठीच्या कडेला लागली असावी म्हणतात. सर्जन चांगले आहेत. लहानखुरे, आवाज एवढासा, पण सगळं कागदावर चित्र काढून समजावतात. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात. हे ‘ते’ असेल तर वरचा अख्खा भाग काढून टाकायचा. उरलेले दोन पसरून जागा भरून काढतात. पण जुना व्रण असेल तर उगाच चांगल्या माणसाचं फुप्फुस कापायला त्यांचा हात धजत नाही. म्हणून जुनी फिल्म हवी. ती नसेल तर तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करू आणि वाढलंय का बघू, असं म्हणाले. ह्यांनी लगेच थांबायचं कबूल केलं. कापाकापीची भीती, दुसरं काय.

मी धीर करून विचारलं, “आणि ते असलं तर?” तर म्हणाले, “इतकं लहान असताना काढलं तर शंभरातली ऐंशी-नव्वद माणसं पाच वर्षांनीही आपल्या पायांनी चालत मला भेटायला येतात.” जाऊबाई, मी तिथेच रडले. ऐंशी-नव्वद!

फिल्मचं तेवढं बघा. कोटांची चळत मी येऊन हलवू का?

धाकटी


७ मार्च

धाकटे,

येऊ नकोस. ट्रंक बघितली, नाही सापडली. पुन्हा बघेन.

ऐंशी-नव्वद. छान. आम्हाला किती सांगितले होते, ठाऊक आहे? शंभरातले आठ. हे बाहेर आल्यावर मला म्हणाले, “आठ म्हणजे कमी नाहीत गं. आपल्या जिन्यात आठ बिऱ्हाडं आहेत, किती गजबज असते.” दहा महिन्यांत गेले.

तू रडलीस ते वाचलं. आनंदानं रडायला मिळणंसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

जाऊ


५ एप्रिल

जाऊबाई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण काय लिहिलं की तुम्हाला टोचेल आणि काय नाही, हे मला कळेनासं झालंय. पण न लिहून तरी काय करू! बालवाडीत सकाळी तीस पोरं सांभाळते, तिथे बोलायला चार वर्षांची माणसं.

फिल्म नाही सापडली तर जाऊ दे. मनाला लावून घेऊ नका. मेमध्ये पुन्हा स्कॅन होईल.

ह्यांनी सिगरेट सोडली. अगदी खरंच सोडली, कोटाचे खिसे मी रोज हुंगते. संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेनं फिरायला जातो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो. परवा म्हणाले, “तुला मी कधी कुठे नेलंच नाही.” मी म्हटलं, “आता नेताय ना, कालव्यावर.” खूप हसले.

पण खरं सांगू? बोलतात कशाबद्दल? दादांबद्दल आणि तुमच्याबद्दल. दादा वहिनींना सगळं सांगायचे, दादा-वहिनींचं कसं एकमत असायचं, वहिनींनी शिवलेला सदरा वीस वर्षं टिकला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. मी केलेलं खाताना “वहिनी यात असं नाही घालत,” हे इतक्या वेळा ऐकलंय की एकदा पातेलंच आपटलं होतं. तुम्हाला वाटतं की मला सगळं मिळालं. मला तर कायम वाटत आलंय की माझ्या नवऱ्याच्या मनातली बरी खोली तुम्हीच अडवून बसलात. बघा, मीही मनातलं लिहिलं. फिटंफाट.

एक गोष्ट ह्यांना न सांगता लिहितेय. चार दिवस झाले, ह्यांना पहाटे खोकला येतो. कोरडा. उशीत तोंड खुपसून खोकतात, मला कळू नये म्हणून. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतात, सिगरेट सोडल्यावरही येतो. पण तुम्ही आठ महिने ऐकलाय तो आवाज. तो कसा असतो, मला सांगा ना.

धाकटी


८ एप्रिल

धाकटे,

हे पत्र आणि पाकीट घेऊन येणारा माणूस तुझ्याकडून सही घेईल. पाकिटात भाऊजींची फिल्म आणि रिपोर्ट आहे. आजच्या आज डॉक्टरांकडे जा. पत्र नंतर वाच.

वाचतेस म्हणजे जाऊन आलीस. आता ऐक.

फिल्म हरवलेली नव्हती. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी मी ट्रंक उघडली. पाकीट वरच होतं. खिडकीच्या काचेला लावून बघितली. मला त्यातलं काय कळतंय, पण रिपोर्टवर सरळ लिहिलंय, दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. म्हणजे ठिपका नवा आहे. मला सतरा तारखेलाच कळलं होतं. मी तुला लिहिलं, शोधते. मग लिहिलं, सापडत नाही. मशीनवर शिवायला बसले की समोरच्या खुंटीवर ते पाकीट लटकलेलं असायचं. आधी खुंटीवर, मग ट्रंकेत, असे सात आठवडे.

का, ते सांगते. सांगितल्यानं कमी होत नाही, पण सांगते.

दोघा भावांचा स्कॅन एकाच दिवशी झाला. रिपोर्ट आणायला मी एकटी गेले होते. आडनाव एकच, आद्याक्षरही एकच. खिडकीतल्या बाईनं माझ्या हातात पाकीट दिलं. मी तिथेच उघडलं. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. धाकटे, मी त्या जाळीच्या खिडकीतून हात घालून त्या अनोळखी बाईचा हात दाबला. ह्यांना फोन लावायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात ती म्हणाली, “अहो थांबा, हे धाकट्या भावाचं. तुमचं हे घ्या.” अर्धं मिनिट झालं असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी ह्यांच्याबरोबर म्हातारी होऊन घेतलं.

तेव्हापासून ती फिल्म मी कुणाला दिली नाही. तू कधी मागितली नाहीस, मीही आठवण केली नाही. आणि आता तू मागितलीस ती तुझ्या नवऱ्याला वाचवायला. मला वाटलं, ती चांगली बातमी एकदा आमच्या हातातून काढून तुम्हाला दिलीच आहे. आता दुसऱ्यांदा मीच आपल्या हातानं द्यायची? आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिले. तुझे ऐंशी-नव्वद वाचले आणि पाकीट खुंटीवरून काढून पुन्हा ट्रंकेत टाकलं. भाऊजी मरावेत असं मला कधी वाटलं नाही. पण तू सुखानं रडू नयेस, असं वाटलं. एवढंच वाटलं, आणि तेवढ्यानं हे झालं.

काल तुझं पत्र आलं. खोकल्याचं. तो आवाज कसा असतो ते मी तुला सांगणार नाही. ते कुणाला माहीत असू नये. सकाळी आठपासून दुकान उघडायची वाट बघत कुरिअरच्या पायरीवर बसलेय, तिथेच हे लिहितेय.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

जाऊ


२२ मे

जाऊबाई,

तुमचं पत्र येऊन सहा आठवडे झाले. मुद्दाम उत्तर दिलं नाही. आज देतेय ते हिशेबाला नाही, कळवायला.

फिल्म बघितल्याबरोबर सर्जननी थांबायचं रद्द केलं. पुन्हा स्कॅन केला. एकवीस मिलिमीटर. सतराचे एकवीस. खोकला सिगरेट सोडल्याचाच होता, तो आपोआप गेला. पण गाठ वाढली होती.

अठ्ठावीस एप्रिलला ऑपरेशन झालं. साडेचार तास. बरगड्यांमध्ये तीन लहान भोकं, त्यातून कॅमेरा आणि हत्यारं, आणि वरचा भाग एका पिशवीत घालून बाहेर. आजूबाजूच्या गाठीही काढल्या. छातीतून एक नळी निघून पाण्याच्या डब्यात जायची, हे श्वास घेत तसे त्यात बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबले की हवा गळायची थांबली, असं नर्सनं सांगितलं होतं. मी पाच दिवस त्या डब्याकडे बघत बसले. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले. मग तीन चेंडूंचं एक खेळणं दिलं, नळीनं श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस म्हणतो कसा, “ह्याला जरा तेल घाला.”

नवव्या दिवशी तपासणीचा कागद आला. ‘ते’च होतं. पण आजूबाजूच्या काढलेल्या सगळ्या गाठी स्वच्छ. म्हणजे दुखण्याची पहिलीच पायरी. औषधं नाहीत, किरणं नाहीत, दर सहा महिन्यांनी स्कॅन. सर्जन खूश होते. मग मी तुमचा प्रश्न विचारला. तुम्ही विचारला नव्हता, पण तुमचाच तो. म्हटलं, “सात आठवडे आधी काढली असती तर?” तर म्हणाले, दोन सेंटिमीटरची एक रेघ असते. आतली असती तर शंभरातले नव्वदच्या आसपास म्हणालो असतो. आता ऐंशीच्या थोडं वर म्हणतो. आणि हेही म्हणाले की असे आकडे गर्दीचे असतात, एका माणसाचे नसतात. त्या सात आठवड्यांनी ह्यांचं काही बिघडलं की नाही, हे कुणालाच कधी सांगता येणार नाही.

पण मी शिकवते ना, बोटांवर मोजते. शंभरातली आठ-दहा माणसं. तुम्ही माझ्याकडून आठ-दहा माणसं काढून घेतलीत, जाऊबाई. तुमच्या जिन्यातली सगळी बिऱ्हाडं.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. फिल्म ट्रंकेच्या मागे घसरून पडली होती, असं सांगितलं. तर म्हणाले, “बिचाऱ्या वहिनी. या वयात ट्रंका उपसत बसल्या असतील.” मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता लिहू नका.

धाकटी


३० मे

धाकटे,

वाचलं. खरं आहे. लिहीत नाही.

जाऊ


३ नोव्हेंबर

धाकटे,

लिहू नको म्हणालीस, तरी एवढंच. माझ्या अंदाजानं ह्या आठवड्यात भाऊजींचा पहिला स्कॅन असेल. उत्तर देऊ नकोस. मी इथे उठत-बसत वाट बघतेय.

जाऊ


१९ एप्रिल

जाऊबाई,

वर्ष होत आलं. नोव्हेंबरचा स्कॅन स्वच्छ होता. कळवायला हवं होतं. मुद्दाम कळवलं नाही. तुम्हाला वाट बघायला लावायची होती. लावली. त्यानं मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

तुमची गोष्ट मी अजून ह्यांना सांगितलेली नाही. त्यात माझा मोठेपणा नाही. खूपदा ओठांवर आली. एकदा तर “वहिनींनी पाठवलेली फिल्म” म्हणून वाक्य सुरूही केलं होतं. पण मला माहीत आहे ना हे काय करतील. दोन मिनिटांत तुम्हाला माफ करतील. म्हणतील, “वहिनींवर काय बेतलं असेल गं!” आणि तुमच्या नावानं डोळ्यांत पाणी आणतील. तुम्ही माझा नवरा धोक्यात घातलात आणि त्यातूनही त्याची माया तुम्हीच घेऊन जाल, हे मला सोसवलं नसतं. म्हणून गप्प.

आता का लिहितेय, ते सांगते. मे महिन्याच्या सहा तारखेला वर्षाचा स्कॅन आहे. नोव्हेंबरात मी त्या बाकावर एकटी होते. हे आत. शेजारची बाई सारखी म्हणत होती, “काही नाही निघायचं, चांगला विचार करा.” घरी मुलगी तेच म्हणते. बालवाडीतल्या बाया तेच म्हणतात. सगळे मला गप्प बसवतात, फक्त गोड बोलून. मला भीती वाटते असं म्हटलं की त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते. मग मीच त्यांची समजूत घालते.

तुम्ही समजूत घालणार नाही. तुम्ही त्या बाकावर बसलेल्या आहात. मला असं माणूस शेजारी हवंय ज्याच्यापुढे मला चांगलं वागावं लागणार नाही. यादी केली तर त्यात एकच नाव उरलं आणि ते तुमचं निघालं. ह्याचा मला किती संताप आलाय, ते पत्रात मावत नाही.

सहा तारखेला सकाळी नऊला हॉस्पिटलच्या तळमजल्यावर. माफ केलं असं समजू नका.

धाकटी


७ मे

धाकटे,

काल रात्री पोचले. बसनं हाडं खिळखिळी केली. आज सकाळपासून मशीनवर बसले होते, पण सुईत दोराच जाईना. म्हणून आधी हे लिहून टाकते. तुला जे दिसलं ते मी परत सांगत नाही. जे दिसलं नाही ते सांगते.

बाकावर आपण दोन तास बसलो आणि तू म्हणालीस, “मला भीती वाटतेय.” मी म्हटलं, “वाटणारच.” त्यावर तू माझा हात धरलास. मला कुणी हात धरून वर्षं झाली. तू नंतर झटकलासही, पण धरला होतास.

मग आपण आत गेलो. तुझे ते लहानखुरे सर्जन पडद्यावर बोट फिरवत म्हणाले, “स्वच्छ आहे. परत येणाऱ्यांतले बरेचसे पहिल्या दोन वर्षांत येतात, त्यातलं एक गेलं.” भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तू रडलीस. मी तुमच्या मागे उभी होते. मी वाट बघत होते, आता माझ्या पोटात दुखेल. आणि दुखलं गं. अगदी वेळेवर. तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. त्या खोलीत एक खुर्ची रिकामी होती, मला फक्त तीच दिसत होती. पण दुखलं तरी मी तिथेच उभी राहिले. मागच्या वर्षी मी पाकीट ट्रंकेत टाकून पळाले होते. या वेळी नाही पळाले. यापलीकडे माझ्यात काही बदललंय, असं मी म्हणत नाही.

आता पुढचं. तू पुढची तारीख घ्यायला खिडकीवर रांगेत होतीस, तेव्हा भाऊजी आणि मी बाहेर फाटकापाशी उभे होतो. जिना उतरून त्यांना दम लागला होता, भिंतीला हात टेकून उभे राहिले. पाठमोरे अगदी ह्यांच्यासारखे दिसतात. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही फिल्म शोधली नसती तर मी आज नसतो.”

मी त्यांना सांगितलं. सगळं. खुंटीसकट.

तू मला न विचारता गप्प राहिलीस, मीही तुला न विचारता बोलले. पण तू ते ओझं वर्षभर एकटीनं उचललंस, आणि ते माझं होतं.

तुला वाटलं होतं, दोन मिनिटांत माफ करतील. मलाही तसंच वाटलं होतं, खरं सांगते. त्याच भरवशावर मी बोलले असेन. त्यांनी नाही केलं. माझ्याकडे बघत राहिले, मग रस्त्याकडे. तू आलीस, तुला काही बोलले नाहीत. तुला वाटलं, दमलेत. बसपर्यंत माझी पिशवी त्यांनीच धरली होती, पण चकार शब्द नाही. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी असे कधी वागले नव्हते. तू पाण्याची बाटली आणायला दुकानात गेलीस तेव्हा एकच वाक्य बोलले, “तिला माहीत होतं?” मी हो म्हटलं. तर तू दुकानात पैसे देत उभी होतीस, तिकडे बघत राहिले. किती वेळ बघत होते म्हणून सांगू! ह्यांनी माझ्याकडे तसं बघितलेलं मला आठवतं. भाऊजींना तसं बघताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते तुझ्याकडे होतं. त्याचंही माझ्या पोटात दुखलं. आता लपवायचं तरी काय!

बसमध्ये चढताना मी विचारलं, “नोव्हेंबरात येऊ का, भाऊजी?” आजवर ते नेहमी काय म्हणायचे, तुला माहीत आहे. “वहिनी, विचारता काय, घर तुमचं आहे.” काल तसं म्हणाले नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ते तिला विचारा.”

म्हणून तुला विचारतेय, धाकटे. येऊ का?

जाऊ